सोमवारी मशीन लावू नका

“काही काळजी करू नका, काका. कावल चालवा. एकदा सगळ्या फाइली तपासून होऊ देत, मग—”

सुलभाचं वाक्य पुरं झालंच नाही. विश्वेश्वरनं टेबलावरून वाकून फोनच्या खटक्यावर बोट दाबलं होतं.

रिसीव्हर तसाच कानाशी धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. निपाणीहून आलेला हा मुलगा कंपनीत लागल्यापासून कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता. आज त्याच्या कपाळावर घाम होता.

“कोण होतं, अक्का?”

“आनेकलचे फत्तेसिंगकाका. मशीन हळू चालतंय म्हणत होते. अरे, पण तू असा फोन—”

“परत लावा त्यांना. कावल चालवू नका म्हणून सांगा. आत्ताच सांगा.”

“कसा लावू? त्यांची लाइन मेलीय दोन दिवसांपासून. कुठल्याशा बूथवरून बोलत होते ते.”

विश्वेश्वर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. दाराकडे एकदा बघून हलक्या आवाजात म्हणाला, “एक व्हायरस हाय, अक्का. मशीनमधी गप पडून राहतो. सव्वीस एप्रिलला उठतो. म्हणजे परवा, सोमवारी. त्या दिवशी मशीन लावलं की सगळी डिस्क पुसून टाकतो. काही मशीनं तर परत उठतच नाहीत.”

“पण कावल पकडतं की त्याला. नव्या सीडीत आहे म्हणून आमच्या मंजूनंच सांगितलंय.”

“पकडतं. पण तो आधीच जागा झालेला असला, तर कावल तपासायला म्हणून जी जी फाइल उघडतं, तिच्यात तो शिरतो. आपण दार उघडायचं आणि त्यानं मागनं आत जायचं, असं चाललंय. एका फाइलीत होता तो सगळ्या घरभर होतो. सकाळपासनं मी हेच करून बघालोय. दर खेपेला तेच.”

सुलभानं रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला.

“पहिल्यांदा पेटीत फ्लॉपी असायची नव्हं, पिवळी?” विश्वेश्वर म्हणाला. “तिच्यावरनं मशीन लावलं की व्हायरस झोपलेलाच राहायचा. मग कावल चालवलं तर काही भ्या नव्हतं. ती फ्लॉपी आपण काढून टाकली.”

“मंजूला माहीत आहे हे?”

“शंका आली तवाच सांगितलं होतं. पुढच्या व्हर्जनात बघू म्हणाले. आज पुराव्यासकट सांगितलं, तर म्हणतात, मंगळवारी बोलू.”

मंगळवारी. म्हणजे कंपनी विकायची सोमवारची सही झाल्यावर.

जयनगरच्या चौथ्या ब्लॉकामागच्या त्या घरात पूर्वी टायपिंगची शाळा होती. वडील गेल्यावर सुलभाच ती चालवायची. कॉम्प्युटर आले तशी टायपिंगची मुलं गळायला लागली, म्हणून तिनं एक जुना कॉम्प्युटर आणून बसवला, आणि कुणा विद्यार्थ्याच्या फ्लॉपीवरून त्यात व्हायरस शिरला. धाकटा भाऊ मंजुनाथ तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. हट्टाला पेटून त्यानं तो व्हायरस काढणारा एवढासा प्रोग्रॅम लिहिला. शेजारच्या क्लासवाल्यानं तो मागितला, मग एका छापखान्यानं, मग आनेकलच्या फत्तेसिंगरावांनी. वडिलांचे हे मित्र पत्र्याचे भाग ठोकण्याचे साचे बनवायचे आणि साच्यांची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायला नुकतेच शिकले होते. फुकट नको म्हणून भांडून त्यांनी पैसे दिले. पहिलं गिऱ्हाईक तेच.

प्रोग्रॅमचं नाव काय ठेवायचं, असं मंजूनं विचारलं तेव्हा आई, भागीरथीबाई, तांदूळ निवडत म्हणाली होती, “कावल म्हण की.” कावल म्हणजे राखण. शब्द कानडी, पण त्यांच्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या मराठीच होता.

आता वरचा मजलाही कंपनीकडे होता. हुबळीपासून कोइमतूरपर्यंत डीलर होते. सुलभा मात्र खालच्या खोलीत, फोनपाशीच राहिली. मशीनचं तिला फारसं कळत नसे. अवघड असेल ते ती वर विचारून सांगायची. पण गिऱ्हाइकं घाबरून फोन करायची आणि पलीकडून सुलभाचा सावकाश आवाज आला की निम्मी शांत व्हायची. “अक्का आहेत का?” असंच विचारायची. “काळजी करू नका” हे तिचं वाक्य वरच्या मजल्यावरच्या मुलांनी चेष्टेनं कंपनीचं ब्रीद करून टाकलं होतं.

ती जिना चढून मंजुनाथच्या खोलीत गेली. मुंबईची एक मोठी कंपनी कावल विकत घेणार होती. सोमवारी त्यांची माणसं सहीला येणार होती. मंजुनाथ त्याच कागदांत बुडाला होता.

“विश्वानं सांगितलं वाटतं,” तो वर न बघता म्हणाला.

“खरं आहे का ते?”

“अक्का, कुणाच्या मशीनमध्ये तो व्हायरस आहे, हे तुला माहीत आहे? मला माहीत आहे? एकातही नसेल.”

“आणि असेल तर?”

“मंगळवारपासून आपण त्या नव्या कंपनीचे. त्यांच्याकडे माणसं आहेत, साधनं आहेत. सगळ्यांना दुरुस्त सीडी पाठवू.”

“सोमवार मंगळवारच्या आधी येतो रे, मंजू.”

त्यानं पेन खाली ठेवलं. दोन्ही हातांनी डोळे चोळले. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, हे तिला आत्ता दिसलं.

“आज आपण गावभर सांगितलं की आमचंच औषध रोग पसरवतं, तर सोमवारी कोण सही करेल? वर ती सगळी मुलं बसलीत. त्यांना काय सांगू? एवढ्या वर्षांत आपण सुटीसुद्धा घेतली नाही, अक्का. एक दिवस. फक्त एक दिवस गप्प बसायचंय.”

“आणि सोमवारी फोन आले तर मी काय बोलू?”

मंजुनाथनं पेन पुन्हा उचललं. “तुम्ही अपडेट केलं नव्हतं, म्हणायचं.”

ती उभीच राहिली. मग जिना उतरून खाली आली.

रविवारी सकाळी आईला देवळात सोडून ती थेट जयनगरला आली. किल्ली तिच्याकडे असायचीच. गिऱ्हाइकांनी भरून पाठवलेली कार्डं बुटांच्या खोक्यांत लावलेली होती. तिनं पहिलं खोकं टेबलावर घेतलं. दुकानं, ऑफिसं बंद होती. पण छोट्या गिऱ्हाइकांनी घरचे नंबर दिलेले होते.

सुरुवातीला ती सांभाळून बोलली. “एक व्हायरस येणार आहे. सोमवारी मशीन लावू नका.” सगळं बोलणं कानडीत. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या, मुलांचा दंगा. लोक बरं म्हणायचे.

मग बसवनगुडीचा एक करसल्लागार हसून म्हणाला, “पण आमच्याकडे कावल आहे ना, अक्का. मग कशाला भ्यायचं?”

“कावल असलं तरी,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

फोनच्या दोरीचे वेढे ती बोटाभोवती गुंडाळत होती. ते सोडून तिनं हात टेबलावर सपाट ठेवला.

“कावल असलं म्हणूनच. आमच्या नव्या सीडीत चूक आहे. मशीनमध्ये व्हायरस असला तर कावल तो पसरवतं. आमचा माणूस फ्लॉपी घेऊन येईपर्यंत मशीन बंद ठेवा.”

पलीकडचं हसणं थांबलं. मग तो म्हणाला, “हे मंजुनाथसाहेबांनी सांगायला सांगितलं?”

“नाही. मी सांगतेय.”

त्यानंतर तिनं प्रत्येकाला हेच सांगितलं. एकजण म्हणाला, नवीन सीडी खपवायची ही युक्ती छान आहे. एकानं तिला अशी शिवी दिली की तिनं डोळे मिटून घेतले, आणि तो थांबल्यावर पुन्हा तेच सांगितलं, सोमवारी मशीन लावू नका. एका नर्सिंग होममध्ये शालन नावाची नर्स फोनवर आली. ती बेळगावकडची, मराठी बोलणारी.

“डॉक्टर गावाला गेल्यात. मी काय करू, अक्का?”

“मशीनच्या काचेवर कागद चिकटव. लावू नका म्हणून मोठ्या अक्षरात लिही. आणि वायर काढून तुझ्या कपाटात ठेव.”

“वायर ठेवते. कागद कोण वाचतंय हितं!”

सुलभा त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

मधूनमधून ती आनेकलचा नंबर फिरवत होती. तिथं घंटीसुद्धा वाजत नव्हती. नुसती घरघर.

दुपारी दार जोरात उघडलं. मंजुनाथ घरच्या कपड्यांतच आला होता.

“फोन ठेव, अक्का.”

तिनं रिसीव्हरवर हात धरला. “एवढं सांगून होऊ दे.”

“मला तिघांचे फोन आले. माझ्या घरी! तुमची बहीण असं असं सांगतेय, खरं का? काय सांगू मी त्यांना?”

“खरं आहे म्हण.”

“अक्का, ही कंपनी माझी आहे.”

तो हे तिला पहिल्यांदाच म्हणत होता. तोही ते ऐकून जरा दचकल्यासारखा झाला, पण शब्द मागे घेतले नाहीत.

“असेल रे,” सुलभा म्हणाली. “पण फोनवर आवाज माझा असतो. कावल चालवा, काळजी करू नका, हे त्यांना कुणी सांगितलं? काल फत्तेसिंगकाकांना कुणी सांगितलं?”

“भावनेनं धंदा चालत नाही.”

“मग तू सांग. तुझ्या आवाजात सांग. मी गप्प बसते.” तिनं रिसीव्हर त्याच्यापुढे धरला. आतून कुणीतरी “हॅलो, हॅलो” म्हणत होतं.

मंजुनाथनं तो घेतला नाही. वाकून त्यानं भिंतीतली वायर उपटली, फोन उचलला, काखेत मारला आणि निघून गेला. दारात त्याची चप्पल सुटली. ती पायात सारायलाही तो थांबला नाही, तसाच एका पायानं स्कूटरपर्यंत गेला.

सुलभा थोडा वेळ बसून राहिली. मग तिनं उरलेली कार्डं पिशवीत भरली, भावाची चप्पल आत घेतली, कुलूप लावलं आणि रस्ता ओलांडून बेकरीच्या शेजारच्या बूथमध्ये जाऊन उभी राहिली. बूथवाला ओळखीचा होता.

“ऑफिसचा फोन बिघडला का, अक्का?”

“हो. स्वल्प वेळ लागेल मला,” ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

दिवेलागणीपर्यंत ती तिथंच होती. आनेकलची घरघर शेवटपर्यंत तशीच राहिली. रविवारी काकांची शेड बंद असते, सकाळी ती उघडायच्या आत पोचायचं, असं तिनं ठरवलं.

सोमवारी ती उठली तेव्हा आई चुलीपाशी होती. भागीरथीबाईंना सगळं कळलं नव्हतं, पण काहीतरी कळलं होतं.

“मंजूची आज मोठी सही ना? तू कुठं निघालीस एवढ्यात?”

“आनेकलला.”

“त्याला आज तू लागशील गे.”

“माहीत आहे.”

आईनं डब्यात चित्रान्न भरलं, झाकण दाबलं आणि तिच्या हातात दिलं. “सरी, बरं. ये जाऊन.”

मार्केटच्या स्टँडवरून आनेकलची बस भरून निघाली. सुलभाला खिडकी मिळाली नाही. दांडा धरून उभ्यानं ती मनात हिशेब मांडत होती: काका सकाळी आधी देवपूजा करतात, मग न्याहारी, मग शेड उघडतात. बसनं थांबा घेतला की ती घड्याळात बघे. एका थांब्यावर कंडक्टर आणि एक कोंबडीवाला भांडत बसले. “चला की हो,” ती इतक्या जोरात ओरडली की सगळी बस वळून बघायला लागली.

आनेकलला उतरून ती जवळजवळ पळतच निघाली. पत्र्याची शेड उघडी होती. आत प्रेस चालू होता, त्याचा दणका पायाखाली जाणवत होता. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत फत्तेसिंगराव खुर्चीवर बसले होते. अंगात खाकी सदरा, कपाळाला ताजा अंगारा. कॉम्प्युटरपुढे लावलेली उदबत्ती अजून जळत होती.

पडदा काळा होता.

“काका, मशीन लावलंत?”

त्यांनी वर बघितलं. “सुलभा? तू कशी इथं?” मग पडद्याकडे हात केला. “बघ गे काय झालंय. लावलं, ड्रॉइंग उघडायला गेलो, आणि फटदिशी गेलं. करंट बघितला, वायर बघितली. उठेनाच. शनिवारी कावल चालवलं तेव्हा तर चांगलं होतं. तू सांगितल्यावर सगळं तपासून घेतलं मी, एक फाइल सोडली नाही.”

सुलभा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. उदबत्तीची राख अजून खाली पडली नव्हती.

“काका, ते आमच्यामुळं झालं,” ती म्हणाली. आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. व्हायरस, कावल, पिवळी फ्लॉपी, विश्वेश्वरनं तोडलेला फोन. बाहेर प्रेस दणकत होता, म्हणून तिला ते मोठ्यानं सांगावं लागलं.

फत्तेसिंगराव ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी कीबोर्डवरचं एक बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

“आतलं सगळं गेलं? ड्रॉइंग?”

“विश्वेश्वर येऊन बघेल. पण बहुतेक... हो.”

“फ्लॉप्यांवर उतरवून ठेवलेली होती. त्यांना बुरशी आली.” ते हे स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. “कागदावरची तर मीच देऊन टाकली रद्दीत. मंजू म्हणाला होता, काका, आता कागदाचं काय काम.”

ते ओरडतील, हाकलून देतील, याची तयारी करून ती आली होती. ते उठले आणि बाहेर जाऊन त्यांनी प्रेस थांबवायला लावला. एकदम शांत झालं. कामगार काय झालं म्हणून बघत उभे राहिले.

“एवढ्या लांब आलीस कशाला?” परत येऊन त्यांनी विचारलं. “मंजूनं पाठवलं?”

“नाही. सांगायला आले. वेळेत पोचेन असं वाटलं होतं.”

फत्तेसिंगरावांनी मान हलवली. टेबलावरचं पाणी तिच्यापुढे सरकवलं. “बस. तोंड बघ कसं झालंय तुझं.”

ती परत जयनगरला पोचली तेव्हा दुपार कलली होती. दारातच पेढ्यांचा वास आला. फोन आपल्या जागेवर होता, वायर भिंतीत होती. वरची सगळी मुलं खाली जमली होती. विश्वेश्वर तेवढा कोपऱ्यात बसून फ्लॉप्या भरत होता. त्यानं पेढ्याला हात लावलेला नव्हता.

मंजुनाथनं तिला आतल्या खोलीत नेलं. “सही झाली, अक्का.”

“आणि फोन?”

“सकाळपासून थांबले नाहीत. ती माणसं समोर बसलेली असताना.” त्यानं दार लोटून घेतलं. “लोकांनी आभार मानले. अक्कांचा फोन आला म्हणून आम्ही वाचलो, म्हणाले. त्या नर्सिंग होमच्या डॉक्टर तर रडत होत्या. मुंबईच्या साहेबांनी विचारलं, तुम्ही गिऱ्हाइकांना आधीच सावध करता? मी... हो म्हणालो.”

सुलभानं हातातला डबा टेबलावर ठेवला.

“तू वाचवलंस, अक्का. मला.”

“आनेकलला कोण जाणार?”

“काय?”

“फत्तेसिंगकाकांचं सगळं गेलं. मी बघून आले. कोण जाणार?”

मंजुनाथनं खिडकीकडे तोंड केलं. आता कागदांवर सह्या झाल्या होत्या, नव्या कंपनीच्या वकिलाला विचारल्याशिवाय लेखी काही कबूल करता येणार नव्हतं, असं काहीसं तो बोलत राहिला. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. ती ऐकून घेऊन बाहेर गेली आणि वाजणारा फोन उचलला.

पावसाळ्यानंतर कंपनी होसूर रस्त्यावरच्या काचेच्या इमारतीत गेली. उद्घाटनाला सगळ्यांना गुळगुळीत कागदावर छापलेलं एक पुस्तक दिलं. कावलचा इतिहास. टायपिंगची शाळा त्यात होती, मंजुनाथचा कॉलेजातला फोटो होता. मधल्या पानावर रंगीत चौकटीत लिहिलं होतं की सव्वीस एप्रिल एकोणीसशे नव्याण्णव रोजी कावलनं आपल्या प्रत्येक ग्राहकाला आगाऊ फोन करून सावध केलं.

सुलभा ते वाचत असताना मंजुनाथ शेजारी येऊन उभा राहिला.

“तुझं नाव घालायचं होतं मला,” तो घाईनं म्हणाला. “ते म्हणाले, एका माणसाचं नको, कंपनीचं वाटायला पाहिजे.”

“नाव नको मला.” तिनं चौकटीवर बोट ठेवलं. “हा ‘प्रत्येक’ काढ.”

“अक्का, छापून झालंय.”

“पुन्हा छापतील तेव्हा काढ.”

त्यानं मान डोलावली. मग कुणीतरी मंजुनाथला फोटोसाठी हाक मारली. तिला नव्या इमारतीत स्वतंत्र खोली मिळणार होती, दारावर पाटी असणार होती. तिनं त्याला लगेच काही सांगितलं नाही. दिवाळी झाल्यावर सांगितलं की ती येत नाही.

आनेकलला ती मेपासूनच दर रविवारी जात होती. विश्वेश्वरनं पहिल्याच आठवड्यात स्वतःहून जाऊन नवी डिस्क बसवून दिली होती. ड्रॉइंग गेली होती, पण साचे होते. शेडच्या मागच्या फळ्यांवर वर्षानुवर्षांचे लोखंडी साचे तेल पिऊन पडले होते. एकेक उतरवायचा, पुसायचा, फत्तेसिंगरावांनी मोजपट्टीनं प्रत्येक कड, प्रत्येक भोक मोजायचं, आकडा बोलायचा, आणि सुलभानं तो मशीनमध्ये भरायचा. त्यावरून आठवडाभर ते ड्रॉइंग काढायचे. पहिले काही रविवार ते कामापुरतंच बोलले. मग एकदा त्यांनी तिच्यासाठी टेबलावर धुतलेलं फडकं ठेवलं, हात पुसायला.

नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्या सोमवारीही ती गेली. फत्तेसिंगरावांनी आज कशी काय, असं विचारलं नाही. दोघांनी मिळून एक जडशीळ साचा टेबलावर चढवला. अर्धा मोजून झाला आणि वीज गेली. पडदा विझला, पंखा थांबला, प्रेसचा दणका मधेच तुटला. कामगार विड्या ओढायला बाहेर गेले.

“आता संध्याकाळशिवाय येत नाही करंट,” फत्तेसिंगराव म्हणाले. “जा तू. चारची बस मिळेल.”

सुलभानं इकडेतिकडे बघितलं. पत्र्यावर खुणा करायचा खडू खिडकीत पडला होता. तो घेऊन ती शेडच्या मोठ्या लोखंडी दारापाशी गेली. तिथं अजून उजेड होता. पदर खोचून तिनं दारावरची धूळ हातानं पुसली.

“टेबल इकडं ओढता येईल का?” तिनं विचारलं.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग बाहेरच्या दोघांना हाक मारली. टेबल फरशीवर करकरत दारापाशी आलं. फत्तेसिंगरावांनी चष्मा सारखा केला, उजेडाकडे मोजपट्टी तिरपी धरली आणि आकडा सांगितला. सुलभानं तो दारावर लिहिला, ठळक, एकाखाली एक येतील असा.

“पुढचा?” ती म्हणाली.